स्वयंसेवकांचे अँड्रॉइड

मोबाइलची ऑपरेटिंग सिस्टिम कंपनी पुरवते आणि ती कधी जुनी झाली हेही बहुतेक वेळा कंपनीच ठरवते. स्वस्त फोनला वर्ष-दोन वर्षे अपडेट मिळतात, महागाला त्याहून अधिक. पुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे बंद होते आणि पडदा, बॅटरी, कॅमेरा धडधाकट असलेला फोन हळूहळू निकालात निघतो. अशा फोनवर कंपनीची प्रणाली पुसून दुसरी चढवता येते. लिनिएजओएस, ग्राफीनओएस, उबुंटू टच, पोस्टमार्केटओएस ही त्यातली ठळक नावे. यांचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि पुन्हा वाटता येतो. तो लिहिणारे बहुतेक लोक वेगवेगळ्या देशांत राहून, बिनपगारी, नोकरी किंवा शिक्षण सांभाळून हे काम करतात. या साऱ्यांत सर्वाधिक पसरलेला प्रकल्प म्हणजे लिनिएजओएस. तो आणि त्याचा पूर्वज सायनोजेनमॉड यांच्या इतिहासात या चळवळीचे बळ आणि तिच्या मर्यादा दोन्ही दिसतात.

मुळात हे शक्य झाले ते अँड्रॉइडमुळे. अँड्रॉइड ही 2003 साली स्थापन झालेली छोटी कंपनी 2005 मध्ये गूगलने विकत घेतली आणि ऑक्टोबर 2008 मध्ये प्रणालीचा कोड जगासाठी खुला केला. त्यामागे परोपकार नव्हता. फोन बनवणाऱ्या डझनभर कंपन्यांना एकाच प्रणालीवर आणायचे, तर ती फुकट आणि बदलता येण्याजोगी हवी, असा तो सरळ व्यापारी हिशेब होता. खुल्या कोडलाही परवाना असतो आणि अँड्रॉइडमध्ये तो एकच नाही. तळाशी असलेले लिनक्स कर्नल जीपीएल या परवान्याखाली येते. हे कर्नल बदलून फोनमध्ये विकणाऱ्या कंपनीला बदललेला कोड मागणाऱ्यांना द्यावा लागतो. वरचा बराचसा भाग मात्र अपाची परवान्याखाली आहे. तो घ्या, बदला आणि हवे तर बदल झाकून ठेवा, अशी त्यात मुभा आहे. म्हणूनच एकाच अँड्रॉइडची प्रत्येक कंपनीची आवृत्ती निराळी दिसते आणि त्यातले बरेचसे काम बाहेर येत नाही.

खुल्या कोडच्या या पसाऱ्यात तीन गोष्टी पहिल्यापासून बंद होत्या आणि आजही आहेत. पहिली म्हणजे गूगलची स्वतःची अॅप्स: प्ले स्टोअर, मॅप्स, जीमेल. दुसरी, कॅमेरा, ग्राफिक्स, वाय-फाय, मोडेम यांना चालवणारे चिपनिर्मात्यांचे सॉफ्टवेअर. ते तयार बायनरी फायलींच्या रूपात येते आणि आत काय आहे ते कळत नाही. तिसरी म्हणजे बूटलोडर. फोन चालू करताच सर्वांत आधी चालणारा हा छोटा प्रोग्राम पुढे कोणती प्रणाली सुरू होऊ द्यायची ते ठरवतो. कंपनीने तो कुलूपबंद ठेवला, तर कोड कितीही खुला असला तरी त्याचा उपयोग नाही. स्वयंसेवकांच्या प्रणालींचा इतिहास हा या तीन अडथळ्यांशी झालेल्या झटापटींचा इतिहास आहे.

पहिली झटापट जवळजवळ विनोदी होती. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन, एचटीसी ड्रीम, ऑक्टोबर 2008 मध्ये अमेरिकेत टी-मोबाइल जी वन या नावाने विक्रीला आला. पंधरवडाभरात त्यात एक अजब चूक सापडली. कीबोर्डवर जे टाइप कराल ते पडद्यावर उमटत असतानाच पडद्याआड सर्वाधिकार असलेल्या रूट शेललाही आज्ञा म्हणून पोहोचत होते. कुणी गप्पांत ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द लिहिला की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई. गूगलने चूक तातडीने दुरुस्त केली. पण तोवर हौशी मंडळींनी जुनी आवृत्ती परत चढवून फोनचा पूर्ण ताबा मिळवण्याची वाट शोधली होती. ‘जीझसफ्रेक’ या टोपणनावाच्या एका प्रोग्रामरने सुधारित प्रणाली तयार करून वाटली. त्याने काम थांबवले तेव्हा, 2009 मध्ये, स्टीव्ह कोंडिक या अमेरिकी प्रोग्रामरने धागा पुढे नेला. त्याचे टोपणनाव होते सायनोजेन. म्हणून या प्रणालीला सायनोजेनमॉड हे नाव पडले.

फोनमध्ये चढवता येणाऱ्या प्रणालीच्या तयार प्रतीला या वर्तुळात ‘रॉम’ म्हणतात आणि कंपनीबाहेर बनलेल्या प्रतीला ‘कस्टम रॉम’. कोंडिकच्या रॉममध्ये गूगलची अॅप्सही होती. सप्टेंबर 2009 मध्ये गूगलने त्याला कायदेशीर नोटीस धाडली: अॅप्स आमची आहेत, ती वाटू नका. मोठा गहजब झाला. पण कायद्याच्या दृष्टीने गूगलची बाजू पक्की होती. शेवटी तोडगा निघाला. सायनोजेनमॉड गूगलच्या अॅप्सविना वाटायचे आणि ज्याला ती हवीत त्याने आपल्या फोनमध्ये मुळात असलेली अॅप्स जपून ठेवून परत बसवायची. कोड खुला आणि सेवा बंद, ही सीमारेषा त्या नोटिशीने आखली. आजही लिनिएजओएस गूगलच्या अॅप्सविनाच मिळते आणि हवी तर ती वेगळी चढवावी लागतात.

पुढची चार वर्षे सायनोजेनमॉडची भरभराटीची होती. एचटीसी ड्रीमला अधिकृतपणे अँड्रॉइड 1.6 च्या पुढे जाता आले नाही; सायनोजेनमॉडने त्याच फोनवर 2.2 चालवून दाखवले. 2011 च्या सातव्या आवृत्तीत एखाद्या अॅपला दिलेली परवानगी मागे घेण्याची सोय होती. खुद्द अँड्रॉइडमध्ये अशी सोय सर्वांना मिळायला 2015 उजाडले. वरून खाली ओढायच्या पट्टीत वाय-फाय, ब्लूटूथची बटणे ठेवण्याची कल्पनाही येथे आधी रुळली. कंपन्यांच्या प्रणाली त्या काळात न लागणाऱ्या अॅप्सनी भरलेल्या आणि संथ असत. त्यांच्या तुलनेत हे रॉम चपळ वाटे. शाओमीची सुरुवातही याच जगातली आहे. तिने स्वतःचा फोन काढला 2011 मध्ये. त्याआधी वर्षभर, ऑगस्ट 2010 पासून, ती इतर कंपन्यांच्या फोनवर चढवायचे एमआययूआय नावाचे रॉम वाटत होती.

इतका मोठा वापरकर्तावर्ग पाहून भांडवल आले नसते तरच नवल. सप्टेंबर 2013 मध्ये सायनोजेन ही कंपनी जाहीर झाली. बेंचमार्क आणि रेडपॉइंट या गुंतवणूकदारांनी 70 लाख डॉलर घातले आणि डिसेंबरात आणखी 2 कोटी 30 लाख आले. पहिला खटका तिथेच उडाला. फोकल नावाचे कॅमेरा अॅप लिहिणाऱ्या स्वयंसेवकाने ते जीपीएलखाली दिले होते. कंपनीला बंद व्यापारी आवृत्तीतही वापरता येईल असा परवाना हवा होता. त्याने नकार दिला आणि फोकल सायनोजेनमॉडमधून काढले गेले. प्रसंग छोटा होता, पण फुकट श्रम करणाऱ्यांना त्यातून जे समजायचे ते समजले.

कंपनीच्या कथेत भारताचा वाटा मोठा आहे. 2014 चा गाजलेला वनप्लस वन हा फोन सायनोजेनची प्रणाली घेऊन आला होता. त्याच वर्षी सायनोजेनने भारतापुरता एकाधिकाराचा करार मायक्रोमॅक्सशी केला, तिच्या नव्या ‘यू’ या ब्रँडसाठी. वनप्लसने डिसेंबरच्या आरंभी भारतात विक्री सुरू केली आणि मायक्रोमॅक्स दिल्ली उच्च न्यायालयात गेली. 16 डिसेंबरला न्यायालयाने वनप्लसच्या विक्रीला मनाई केली. ती पुढे अपिलात उठली. मधल्या काळात ‘यू युरेका’ हा फोन 8,999 रुपयांना जाहीर झाला. खुल्या कोडवर उभ्या असलेल्या प्रणालीवरून दोन कंपन्यांनी भारतातल्या हक्कासाठी कोर्टात भांडावे, यातली विसंगती त्या वेळी अनेकांना खटकली. वनप्लसने धडा घेतला आणि 2015 मध्ये ऑक्सिजनओएस ही स्वतःची प्रणाली आणली.

सायनोजेन कंपनीचा प्रमुख त्याच सुमारास अँड्रॉइड गूगलच्या हातून काढून घेण्याच्या वल्गना करत होता. त्यातले काही घडले नाही. फोननिर्मात्यांनी पाठ फिरवली, कर्मचारी कमी झाले, 2016 च्या अखेरीस कोंडिकही बाहेर पडला. डिसेंबर 2016 मध्ये कंपनीने जाहीर केले की 31 तारखेपर्यंत सर्व सेवा आणि दररोज तयार होणारी रॉम बंद होतील. सायनोजेनमॉड हे नाव कंपनीच्या मालकीचे होते. ती ते उद्या कुणालाही विकू शकली असती. म्हणून स्वयंसेवकांनी नावाचा नाद सोडला, कोड उचलला आणि नाताळच्या सुमारास लिनिएजओएस या नव्या नावाची घोषणा केली. जानेवारी 2017 मध्ये त्याची पहिली अधिकृत रॉम मिळू लागली.

मुक्तस्रोत परवान्याचे खरे मोल येथे दिसते. कोट्यवधी डॉलर घातलेली कंपनी बुडाली, सर्व्हर बंद पडले, नाव गेले, तरी काम महिनाभरात पुन्हा सुरू झाले. कोड आमचा आहे असे म्हणून तो थांबवण्याचा अधिकार कुणाकडेच नव्हता. मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन ही प्रणाली मालकाने सोडली तेव्हा ती वापरणाऱ्यांच्या हाती असे काही उरले नाही.

लिनिएजओएसचे दैनंदिन काम पाहिले तर ते बरेच शिस्तीचे आहे. प्रत्येक फोन मॉडेलसाठी एक किंवा काही ‘मेंटेनर’ असतात. त्या फोनचे हार्डवेअर प्रणालीला समजावून सांगणाऱ्या फायलींचा संच, म्हणजे ‘डिव्हाइस ट्री’, ते सांभाळतात. कुणीही बदल सुचवू शकतो. तो गेरिट नावाच्या तपासणी-यंत्रणेत जातो, इतर लोक ओळ न् ओळ वाचतात, शंका काढतात आणि मगच तो मुख्य कोडमध्ये मिसळतो. एखाद्या मॉडेलला अधिकृत यादीत स्थान हवे असेल तर लेखी निकष आहेत: कॉल लागले पाहिजेत, वाय-फाय, ब्लूटूथ, आवाज आणि कॅमेरा चालले पाहिजेत, सुरक्षेची मूळ बंधने सैल केलेली चालणार नाहीत. मेंटेनर सोडून गेला आणि दुसरा मिळाला नाही, तर ते मॉडेल यादीतून वगळले जाते. वापरणाऱ्याला हे अन्यायाचे वाटते खरे. पण ज्या फोनची चाचणी कुणी करत नाही त्याला ‘चालतो’ म्हणणे अधिक वाईट. गूगल दरमहा सुरक्षेच्या दुरुस्त्या जाहीर करते. त्या मिसळून बहुतेक मॉडेल्सचे नवे रॉम दर आठवड्याला निघते आणि त्याच्यावर डिजिटल सही होते. मे 2020 मध्ये सर्व्हर सांभाळणाऱ्या एका सॉफ्टवेअरमधील त्रुटीतून प्रकल्पाच्या यंत्रणेत घुसखोरी झाली होती. सहीच्या किल्ल्या वेगळ्या ठेवलेल्या असल्याने रॉम सुरक्षित राहिली.

सर्वांत चिवट अडचण चिपच्या बंद सॉफ्टवेअरची. चिपनिर्माता एखाद्या चिपसाठी काही वर्षे ड्रायव्हर सुधारतो आणि नव्या चिपकडे वळतो. मग फोन कंपनीला इच्छा असली तरी नवे अँड्रॉइड देणे कठीण होते. खुद्द गूगलही यातून सुटले नाही. खुल्या अँड्रॉइड कोडची तांत्रिक धुरा सांभाळणारा ज्याँ-बातिस्त केरू ऑगस्ट 2013 मध्ये त्या पदावरून दूर झाला; गूगलच्याच नव्या नेक्सस 7 टॅबलेटसाठी ग्राफिक्सच्या बायनरी फायली देता येत नव्हत्या, हे त्याच्या वैतागाचे कारण होते. 2017 मध्ये अँड्रॉइड 8 सोबत आलेल्या ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ने चिपचा भाग आणि उरलेली प्रणाली यांच्यात ठरावीक सांधा घातला. जुना खालचा भाग तसाच ठेवून वरची प्रणाली बदलणे त्यामुळे पुष्कळ सोपे झाले. तरी कर्नल जुने राहतेच. अँड्रॉइड 12 ने नेटवर्क हाताळण्याची पद्धत बदलली आणि जुन्या कर्नलमध्ये तिला लागणारी सोय नव्हती. लिनिएजओएसच्या एकोणिसाव्या आवृत्तीत त्यामुळे अनेक फोन मागे पडले.

या अडचणीवर मात केल्याचे सर्वांत बोलके उदाहरण नेदरलँड्सच्या फेअरफोन कंपनीचे. तिच्या 2015 च्या फेअरफोन 2 मधील स्नॅपड्रॅगन 801 या चिपला क्वालकॉमने अँड्रॉइड 6 नंतर वाऱ्यावर सोडले. फेअरफोनने लिनिएजओएसच्या स्वयंसेवकांनी खुल्या केलेल्या कामाचा आधार घेतला आणि 2021 मध्ये त्या फोनला गूगलच्या चाचण्या पार केलेले अँड्रॉइड 9 दिले. त्या कामात भारतातल्या एका सॉफ्टवेअर अभियंत्याचा हात होता. हा फोन अधिकृत अपडेटसह सात वर्षे चालला. युरोपीय संघाने जून 2025 पासून लागू केलेल्या नियमांत फोनची विक्री थांबल्यावर पुढे पाच वर्षे प्रणालीची अपडेट मिळावीत अशी अट आहे. इतकी वर्षे अपडेट देता येतात, हे त्याआधी स्वयंसेवकांनी करून दाखवले होते.

खुल्या अँड्रॉइडच्या इतर शाखा आपापल्या हट्टापायी वेगळ्या झाल्या. ग्राफीनओएसचा हट्ट सुरक्षेचा. आजवर ती गूगलच्या पिक्सेल फोनपुरती मर्यादित राहिली, कारण नवी प्रणाली चढवल्यावर बूटलोडर पुन्हा स्वतःच्या किल्लीने बंद करण्याची सोय पिक्सेल नीट देतो. गूगलपासून सुटका हवी म्हणून गूगलचाच फोन घ्यावा लागतो, हा विरोधाभास तिचे चाहते हसत मान्य करतात. मँड्रेक लिनक्सचा जनक गाएल दुव्हाल याने सुरू केलेली ‘ई’ ही फ्रेंच प्रणाली लिनिएजओएसवर बेतलेली आहे. गूगलच्या सेवांची जागा ती खुल्या मायक्रोजी संचाने भरते. रेप्लिकंट हा 2010 चा प्रकल्प सर्वांत कडवा: बंद फाइल प्रणालीत एकही नको. परिणामी त्यावर अनेक फोनचे वाय-फायसुद्धा चालत नसे. तत्त्व स्वच्छ, वापर कठीण. पण सगळा कोड असा चाळून काढण्याच्या नादातच रेप्लिकंटच्या लोकांना 2014 मध्ये सॅमसंगच्या काही गॅलक्सी फोनमध्ये असे सॉफ्टवेअर आढळले की ज्यातून मोडेमला फोनमधल्या फायली वाचता-लिहिता येत होत्या.

काहींनी अँड्रॉइडच नाकारले. तैवानच्या ओपनमोको प्रकल्पाने 2007 मध्ये निओ 1973 हा खुला फोन आणला. हातात धरायच्या मोबाइलवरून पहिला कॉल झाला ते वर्ष त्याच्या नावात होते. कॉल करण्याच्या मूलभूत कामातच तो अडखळत राहिला. कॅनॉनिकल कंपनीने 2013 मध्ये उबुंटू फोनसाठी लोकांकडून 3 कोटी 20 लाख डॉलर मागितले. सुमारे 1 कोटी 28 लाख जमले आणि योजना बारगळली. एप्रिल 2017 मध्ये कंपनीने फोनचा नाद सोडला तेव्हा यूबीपोर्ट्स या स्वयंसेवी गटाने उबुंटू टच दत्तक घेतले. त्याच वर्षी जाहीर झालेल्या पोस्टमार्केटओएसचे उद्दिष्ट फोनला दहा वर्षांचे आयुष्य देण्याचे. ती शक्य तिथे अँड्रॉइडचे जुने कर्नल टाकून मुख्य लिनक्स कर्नल वापरते. मात्र अशा बऱ्याच फोनवर कॅमेरा किंवा कॉल चालत नाहीत.

मोझिलाचे फायरफॉक्स ओएसही याच काळातले. ऑगस्ट 2014 मध्ये भारतात इंटेक्सने ते असलेला क्लाउड एफएक्स हा फोन 1,999 रुपयांना विकला. तो फोन फारच संथ होता आणि दीड वर्षाच्या आतच मोझिलाने मोबाइलचा डाव आवरला. पण कोड उरला. त्यावरच काइओएस उभी राहिली आणि 2017 च्या जिओफोनमधून ती भारतात कोट्यवधी हातांत गेली, तीही फायरफॉक्सचे नाव न घेता.

भारतात स्वयंसेवकांची प्रणाली वापरताना दोन अडचणी विशेष बोचतात. पहिली व्होल्टीची. 2016 मध्ये आलेल्या जिओकडे टू-जी किंवा थ्री-जीचे जाळेच नाही. कॉल मुख्यतः फोर-जीवरून, म्हणजे व्होल्टीने, करावा लागतो. ही यंत्रणा चिपनिर्मात्याच्या बंद सॉफ्टवेअरवर अवलंबून असते. रॉममध्ये ती नीट बसली नाही तर जिओचा ग्राहक इंटरनेट वापरू शकतो, पण फोन लावू शकत नाही. दुसरी अडचण बँकेची आणि यूपीआयची. प्ले इंटिग्रिटी ही गूगलची तपासणी बूटलोडर उघडा आहे का आणि प्रणाली गूगलने प्रमाणित केलेली आहे का ते पाहते. नसेल तर अनेक बँकांची अॅप्स चालायला नकार देतात. चार वर्षांपूर्वीच्या सुरक्षा दुरुस्तीवर अडकलेला कंपनीचा फोन या चाचणीत अनेकदा उत्तीर्ण होतो आणि याच महिन्याची दुरुस्ती असलेला लिनिएजओएसचा फोन नापास होतो. सुरक्षेच्या नावाखाली चालणारी ही चाचणी काही अंशी गूगलच्या शिक्क्याचीच चाचणी आहे. उघड्या बूटलोडरचा धोका मात्र खोटा नाही: फोन चोराच्या हाती पडला तर प्रणालीत फेरफार करणे त्याला सोपे जाते.

बूटलोडर उघडू देण्याची कंपन्यांची तयारीही आटत चालली आहे. ह्वावेने 2018 मध्ये उघडण्याचे कोड देणे बंद केले. शाओमीकडे अर्ज करून ठरावीक काळ थांबावे लागते. सॅमसंगच्या फोनमध्ये कुलूप उघडून दुसरी प्रणाली चढवली की आतला एक फ्यूज कायमचा उडतो आणि नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा-यंत्रणेवर चालणाऱ्या काही सेवा पुन्हा मिळत नाहीत. इकडे गूगलने मार्च 2025 मध्ये अँड्रॉइडचा सर्व विकास आतल्या आत करण्याचा निर्णय जाहीर केला. आवृत्ती पूर्ण झाल्यावर कोड खुला होतो, तो घडताना बाहेरच्यांना दिसत नाही. त्या वर्षीच्या अँड्रॉइड 16 सोबत पिक्सेलच्या डिव्हाइस ट्रीही गूगलने दिल्या नाहीत. स्वयंसेवकांना त्या स्वतः उभ्या कराव्या लागल्या.

ज्याला जुना फोन अशा प्रणालीवर न्यायचा आहे, त्याने आधी फोनचा नेमका मॉडेल क्रमांक अधिकृत यादीत शोधावा. एकाच नावाच्या दोन फोनांत चिप वेगळी असू शकते आणि भलते रॉम चढवले तर फोन ‘ब्रिक’ होतो, म्हणजे त्याची वीट होते. बूटलोडर उघडताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, तेव्हा फोटो आणि संपर्क आधी दुसरीकडे ठेवावेत. व्यवहाराचा एकमेव फोन असेल तर प्रयोग करू नये; कपाटात पडलेला दुसरा फोन त्यासाठी उत्तम. आणि नवा फोन घेतानाच कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत: अपडेट किती वर्षे मिळणार आणि त्यानंतर बूटलोडर उघडता येणार का? दुकानदाराला दुसऱ्याचे उत्तर बहुधा येणार नाही, पण लिनिएजओएसच्या यादीत ते पाच मिनिटांत सापडते.